उद्योग करायचा आहे? मग सुटे भाग आणायला तुम्हीच जा

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एखाद्या उद्योजकाचं व्याख्यान संपत आलं की पाहुणे हमखास विचारतात, "तुमच्यापैकी किती जणांना स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा आहे?" मुलांच्या बाकांवर भराभर हात वर होतात. मुलींच्या बाजूला दोन-चार, तेही जेमतेम खांद्यापर्यंत. मग पाहुणे म्हणतात, "मुलींनो, आत्मविश्वास वाढवा!" टाळ्या होतात, कार्यक्रम संपतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा कॅम्पस मुलाखतींच्या तयारीला लागतात.

आत्मविश्वास वाढवा हा सल्ला मला पटत नाही. तो कसा वाढवायचा हे त्यात कोणी सांगत नाही, आणि दोष मात्र मुलीच्या पदरात पडतो. हात अर्ध्यावर का थांबला, याची कारणं तिच्या स्वभावापेक्षा तिच्या चार वर्षांच्या शिक्षणात आणि घरात जास्त सापडतात. ती बरीचशी दुरुस्त करता येण्यासारखी आहेत. हा लेख प्रामुख्याने अशा विद्यार्थिनींसाठी आहे. त्यांचे आईवडील, वर्गमित्र आणि शिक्षक यांच्यासाठीही त्यात काही गोष्टी आहेत.

आधी अभ्यासकांनी काय पाहिलं ते थोडक्यात. समाज-मानसशास्त्रज्ञ आयझेन यांनी १९९१ मध्ये सविस्तर मांडलेल्या सिद्धान्तानुसार, कोणतीही गोष्ट करण्याचा माणसाचा इरादा तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतो. हे करणं मला आवडेल का? माझ्या जवळच्या माणसांना ते कसं वाटेल? आणि हे मला जमेल का, माझ्या हातात आहे का? लिन्यान आणि चेन या अभ्यासकांनी २००९ मध्ये याच पायावर उद्योजक होण्याचा इरादा मोजणारी प्रश्नावली तयार केली. ती आज अनेक देशांत वापरली जाते. अशा पाहण्यांमध्ये मुलींचा इरादा सरासरीने मुलांपेक्षा कमी निघाल्याचं वारंवार दिसलं आहे. सगळीकडे सारखं नाही, काही ठिकाणी फरक अगदी थोडा असतो. पण जिथे तो दिसतो, तिथे त्याचा मोठा भाग तिसऱ्या प्रश्नाशी जोडलेला असतो. आवड असते, हुशारी असते, गुण तर बरेचदा मुलांपेक्षा चांगले असतात, ‘जमेल का?’ इथे पाऊल अडखळतं.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. २००९ मध्येच अमेरिका, तुर्कस्तान आणि भारत या तीन देशांतील व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उद्योजक म्हटलं की मुलगे आणि मुली दोघांच्याही डोळ्यांसमोर जे गुण आले, ते समाजाने पुरुषांचे मानलेले होते. म्हणजे ‘जमेल का?’ हा प्रश्न मुलगी स्वतःला विचारते, तेव्हा तिच्या मनातलं मोजमाप आधीच दुसऱ्याच्या मापाने बनलेलं असतं. आणि मुलांचा वर गेलेला प्रत्येक हात तयारीचा पुरावा असतो असंही नाही. त्यातले किती हात जीएसटीचं साधं बिल तयार करू शकतात, हे तपासून पाहावं.

आता उपायाकडे. ‘मला जमतं’ ही भावना माणसात कुठून येते, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये दिलं. सगळ्यात बळकट स्रोत म्हणजे स्वतःच्या हाताने केलेलं काम. त्याखालोखाल आपल्यासारख्याच कोणी तरी ते केलेलं पाहणं. मग इतरांनी दिलेला धीर, आणि शेवटी त्या वेळची मनाची-शरीराची अवस्था. व्याख्यान हे या यादीत तिसऱ्या क्रमांकावर येतं. कॉलेजं मात्र त्याच्यावरच सर्वांत जास्त खर्च करतात. विल्सन, किकुल आणि मार्लिनो यांच्या २००७ मधल्या अमेरिकेतील अभ्यासात उद्योजकतेच्या शिक्षणाचा फायदा मुलांपेक्षा मुलींच्या ‘जमतं’ या भावनेला जास्त झाल्याचं दिसलं. म्हणजे इथे घातलेला वेळ वाया जात नाही. तो कशात घालायचा एवढंच ठरवायचं आहे.

चार वर्षांत नेमकं काय निसटतं

देशातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत मुली साधारण २९ टक्के आहेत. आयआयटीत मुलींची संख्या वाढावी म्हणून २०१८ पासून जादा जागा द्याव्या लागल्या. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजार रुपये देते. प्रवेशाचं दार असं रुंद होत आहे. आत गेल्यावर काय होतं, तिकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही.

पहिल्या वर्षाचं वर्कशॉप आठवा. फिटिंगचा जॉब, सुतारकामाचा जोड, वेल्डिंग. मुलींच्या हातातली कानस कोणी तरी ‘दे, मी करून देतो’ म्हणत काढून घेतो. हेतू चांगला असतो, पण शिकणं थांबतं. मग प्रयोगशाळेत एक मुलगा जोडणी करतो आणि मुलगी वाचनं लिहून घेते, कारण तिचं अक्षर चांगलं. मग हॅकेथॉन. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहा जणांच्या संघात किमान एक मुलगी असावी असा नियम आहे. नियम योग्यच आहे. पण कित्येक संघांत त्या मुलीच्या वाट्याला काय येतं? "पीपीटी तू कर." स्पर्धेसाठी मोटारगाडी बनवणाऱ्या संघात ती खर्चाचा अहवाल लिहिते, चेसिस कापणारे हात दुसरेच असतात.

आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. इथे जे निसटतं, ते माझ्या मते सगळ्यात महाग पडतं. सुटे भाग आणायला पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कोण जातं? बहुधा गटातली मुलं. मुली म्हणतात, "तुम्ही जाताय ना, आमचेही पैसे घ्या." त्या एका फेरीत व्यापाराचं खूप काही शिकायला मिळतं. एकाच सेन्सरचे तीन दुकानांत तीन भाव असतात. दहा नग घेतले तर भाव उतरतो. पक्कं बिल मागितलं तर दर बदलतो. ओळख झाली की दुकानदार खराब निघालेला भाग बदलून देतो, पुढे उधारीही देतो. पुढे जो धंदा करेल त्याला हे सगळं लागणार आहे, आणि हे कुठल्याही पुस्तकात नाही. जी कधीच गेली नाही तिला तीन वर्षांनी ‘कारखाना काढशील का?’ असं विचारलं, तर ती ‘जमेल का?’ म्हणेलच. तिचं ते उत्तर प्रामाणिक आहे.

म्हणून पहिला सल्ला असा : गटात कामं वाटली जातील तेव्हा अहवाल आणि सादरीकरण ही दोन कामं सोडून बाकी काहीही मागून घ्या. त्यातही खरेदी, खर्चाची वही आणि ग्राहकाशी बोलणं ही तीन कामं आपल्याकडे ओढा. बाजारात जायला एकटं वाटत असेल तर मैत्रिणीला घेऊन जा. पहिल्यांदा दुकानदार तुमच्या मागे कोणी मुलगा उभा आहे का ते बघेल. तुम्हाला पार्ट नंबर आणि रेटिंग तोंडपाठ असेल, तर दुसऱ्या वाक्यापासून तो तुमच्याशीच बोलेल. आणि प्रोजेक्ट तयार विकत आणायचा असेल तर त्या गटातून बाहेर पडा. त्यातून गुण मिळतील, पण तुमच्या हाताला काहीच लागणार नाही.

पुण्याचं कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून चालू आहे. अशा फक्त मुलींच्या कॉलेजात रोबो बनवणाऱ्या संघाची कप्तान मुलगी, वायरिंग करणारी मुलगी, प्रायोजकाकडे पैसे मागायला जाणारीही मुलगीच असते, कारण दुसरं कोणी नसतंच. सगळ्यांनी मुलींच्या कॉलेजात जावं असं मी म्हणत नाही. पण सहशिक्षणाच्या कॉलेजातल्या मुलींनी एखादा तरी प्रोजेक्ट फक्त मुलींच्या गटात करून पाहावा. कोणती कामं आपण आजवर नकळत टाळत आलो, ते महिन्याभरात कळतं.

इंटर्नशिप लहान ठिकाणी करा

उन्हाळ्याच्या सुट्टीतली इंटर्नशिप बहुतेकांना मोठ्या कंपनीत हवी असते. बायोडाटावर नाव शोभून दिसतं. पण उद्योग शिकायचा असेल तर भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतलं पंधरा-वीस कामगारांचं युनिट निवडा. मोठ्या कंपनीत तुम्हाला एका खात्याचा एक कोपरा दिसेल. लहान युनिटमध्ये मालकाच्या टेबलाशेजारी बसलात की कोटेशन कसं काढतात, पर्चेस ऑर्डर आल्यावर काय होतं, जॉबवर्कचा दर तासावर ठरतो की नगावर, भंगार कोण नेतं आणि पैसे किती दिवसांनी येतात, हे सगळं पाहायला मिळतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात मालक त्यासाठी फोनवर फोन करताना दिसतो. पेमेंट मागण्याचं कौशल्य तिथेच शिकता येतं.

मुलींच्या अडचणी इथे खऱ्या आहेत. शेडमध्ये स्वच्छतागृह नसतं, शेवटची बस लवकर जाते, घरचे ‘तिथे सगळे पुरुषच’ म्हणून नको म्हणतात. यावर उपाय आधीच ठरवून ठेवा. दोघी मिळून एकाच युनिटमध्ये जा. आधी एक दिवस पालकांना घेऊन जागा पाहून या. कामाच्या वेळा मालकाकडून लिहून घ्या. स्वच्छतागृहाचा प्रश्न पहिल्याच भेटीत सरळ विचारा. त्यावर मालक कसं उत्तर देतो, यावरून जागेबद्दल बरंच कळतं. स्त्री मालक असलेलं युनिट मिळालं तर उत्तमच. आपल्यासारखीच कोणी तरी हे करते आहे हे रोज पाहण्याला बंडुरांच्या यादीत दुसरा क्रमांक आहे.

घरी काय आणि कसं बोलायचं

आपल्याकडे मुलाने ‘धंदा करतो’ म्हटलं तर घरात वाद होतो. मुलीने म्हटलं तर वाद होण्याआधी एक शांतता पसरते. त्या शांततेमागे लग्नाचा विचार असतो. नोकरी करणाऱ्या मुलीचा बायोडाटा लोकांना कळतो : कंपनी, पॅकेज, शहर. ‘स्वतःचं काही तरी सुरू केलंय’ हे कुठल्या रकान्यात लिहायचं, हे आईवडिलांना सुचत नाही. त्यात शैक्षणिक कर्जाचे हप्ते डोक्यावर असतील तर त्यांची काळजी अगदी रास्त आहे. तिला जुनाट म्हणून झटकून टाकू नका.

काळजीला उत्तर आकड्यांत द्या. एका कागदावर चार गोष्टी लिहा. किती महिने प्रयत्न करणार, समजा अठरा. घरचे आणि स्वतःचे मिळून जास्तीत जास्त किती पैसे घालणार. सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्याला काय झालं तर पुढे जायचं. आणि नाही जमलं तर कोणत्या नोकरीकडे वळायचं. हा कागद वडिलांसमोर ठेवून बोललात, तर बोलणं ‘करू देणार की नाही’ यावरून ‘अठरा महिने फार होतात, बारा कर’ यावर येतं. तिथे तडजोड निघते.

आईला या बोलण्यातून वगळू नका. कित्येक घरांत आईचा व्यवसाय आधीच चालू असतो : शिकवणी, शिवणकाम, दूध, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी. त्याला घरात कोणी धंदा म्हणत नाही, म्हणून तो मुलीलाही दिसत नाही. देशाच्या सहाव्या आर्थिक गणनेत स्त्रियांच्या मालकीच्या आस्थापना १३.७६ टक्के भरल्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य ठिकाणी पगारी माणूस एकही नव्हता. एकटीच्या बळावर चालणारे उद्योग हे आपल्याकडचं वास्तव आहे. आईबरोबर बसून तिच्या व्यवसायाचा एका महिन्याचा जमाखर्च मांडा. कच्चा माल, गॅस, तिचे तास, मिळालेले पैसे. तुमच्या अभियांत्रिकीच्या ज्ञानाने त्यात काय सुधारता येईल ते बघा. हा तुमचा पहिला सल्लागाराचा अनुभव ठरेल, आणि घरात तुमच्या बाजूने बोलणारं एक माणूसही तयार होईल.

एक शंका नेहमी येते : कॉलेज संपल्या संपल्या सुरू केलं नाही तर राहिलंच का? मुळीच नाही. दोन-तीन वर्षं नोकरी करून कर्ज फेडणं, ग्राहक कोण आणि त्याला कशाचा त्रास होतो हे आतून पाहणं, थोडे पैसे साठवणं हा पूर्णपणे सन्माननीय रस्ता आहे. एकच पथ्य पाळा. त्या नोकरीत पगाराचा ठरावीक हिस्सा स्वतःच्या नावाच्या वेगळ्या खात्यात टाका, आणि ते खातं लग्नाच्या खर्चासाठी मोडायचं नाही असं घरी आधीच सांगून ठेवा. विनीता सिंग यांनी आयआयटी मद्रासमधून विद्युत अभियांत्रिकी केलं. मुंबईतली ‘शुगर’ ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी उभी राहण्याआधी त्यांनी दुसरे व्यवसाय करून पाहिले होते. पहिलीच कल्पना चालली पाहिजे, ही अट कुठेही नाही.

कागदावर तुमचं नाव कुठे आहे

इन्फोसिसची गोष्ट मराठी घरांत सगळ्यांना माहीत आहे. १९८१ मध्ये पुण्यात कंपनी सुरू करायला नारायण मूर्तींना सुधा मूर्तींनी आपल्या बचतीतले दहा हजार रुपये दिले. सुधाताई स्वतः अभियंता, टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात काम केलेल्या. त्या कंपनीच्या संस्थापकांच्या यादीत सात नावं आहेत आणि सातही पुरुषांची. त्या काळात त्या कुटुंबाने विचारपूर्वक घेतलेला तो निर्णय होता, त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण आजच्या मुलीने पैसे, वेळ आणि डोकं घालताना कागदावर आपलं नाव कुठे येतं हे विचारलंच पाहिजे.

मित्रांबरोबर काही सुरू करत असाल तर भागीदारी करारात किंवा कंपनीच्या भागधारकांच्या यादीत तुमचा टक्का पहिल्या दिवशी लिहिला जावा. ‘आपण मित्रच आहोत, नंतर बघू’ यावर थांबू नका. पैसे आल्यावर मैत्री बोलत नाही, कागद बोलतो. कोणी सोडून गेलं तर त्याच्या वाट्याचं काय, हेही त्याच वेळी लिहा. सगळा वाटा एकदम न देता तीन-चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळेल अशी सोय करता येते.

याची उलट बाजूही आहे, आणि ती जास्त धोक्याची आहे. सरकारी सवलती स्त्री उद्योजकांना जास्त मिळतात, म्हणून पुष्कळदा कुटुंबातले पुरुष धंदा मुलीच्या किंवा सुनेच्या नावावर काढतात. सह्या तिच्या, ओटीपी तिच्या मोबाइलवर, निर्णय दुसऱ्याचे. कर्ज थकलं तर सिबिलवर नाव तिचं जातं, नोटीस तिला येते आणि पुढे खरोखर स्वतःचा उद्योग करायची वेळ आली की बँक तिलाच नकार देते. खात्याचे व्यवहार स्वतः पाहत नसाल तर अशा कागदावर सही करू नका, मग समोर सख्खा काका का असेना.

तिसरा कागद हक्कसोडपत्राचा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मतःच असल्याचं स्पष्ट केलं. तरीही लग्नानंतर किंवा वडील गेल्यावर भावाच्या नावे हक्कसोड करून देणं ही आपल्याकडे चांगल्या बहिणीची खूण मानली जाते. उद्या बँक तारण मागेल तेव्हा तुमच्या नावावर काय असेल, याचा विचार ती सही करण्याआधी करा. भावाशी प्रेमाने बोला, सल्लागाराला विचारा, घाई करू नका.

पैसे कुठून आणायचे

१९७८ मध्ये किरण मजुमदार-शॉ यांनी बेंगळुरूत एका गॅरेजमध्ये दहा हजार रुपयांवर बायोकॉन सुरू केली, तेव्हा एका तरुण अविवाहित मुलीला कर्ज द्यायला बँका कचरत होत्या. आजची स्थिती बरीच वेगळी आहे. अनेक योजना आहेत. अडचण असते ती कोणत्या टप्प्यावर कोणती योजना, याची.

कल्पना अजून वहीतच असेल तर कंपनी काढायची घाई करू नका. नमुना बनवण्यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘निधी-प्रयास’ योजना दहा लाखांपर्यंत मदत देते, आणि नोकरी न धरता कल्पनेवर काम करणाऱ्याला ‘निधी-ईआयआर’मधून साधारण वर्षभर महिना तीस हजारांपर्यंत पाठ्यवृत्ती मिळू शकते. हे अर्ज इन्क्युबेटर संस्थांमार्फत होतात. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर, मुंबईत आयआयटीचं साइन ही जुनी नावं आहेत. तुमच्या जवळचं केंद्र शोधा आणि अर्ज करण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन भेटा.

कंपनी झाली, स्टार्टअप म्हणून केंद्राच्या उद्योग विभागाची (डीपीआयआयटी) मान्यता मिळाली की ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’मधून नमुन्यासाठी वीस लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं, कंपनी दोन वर्षांहून जुनी नसावी. लक्षात ठेवा, एकल मालकीच्या व्यवसायाला ही मान्यता मिळत नाही. भागीदारी, एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड यांपैकी एक रूप लागतं. व्यवसाय वर्षभर चालून वार्षिक उलाढाल दहा लाख ते एक कोटीच्या दरम्यान पोहोचली की महाराष्ट्राची ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना’ पाहा. तीत एक ते पंचवीस लाखांपर्यंत साहाय्य आहे, आणि स्त्री संस्थापकांचा वाटा किमान ५१ टक्के असावा लागतो. वर म्हटलेला वाट्याचा कागद इथे उपयोगी पडतो. योजनांच्या अटी बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावरची अट वाचूनच पुढे जा.

तुमची कल्पना स्टार्टअपसारखी झगमगीत नसेल, साधं पावडर कोटिंग किंवा पीसीबी जोडणीचं युनिट असेल, तर जिल्हा उद्योग केंद्र हे तुमचं ठिकाण. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात स्त्रियांना स्वतःचे पाच टक्केच घालावे लागतात. शहरी भागात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान मिळतं. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या किमान दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. शाखेत वेगळं ऐकायला मिळालं तर नकार लेखी मागा. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. केंद्र सरकारच्या खात्यांनी व कंपन्यांनी आपल्या खरेदीतला तीन टक्के माल स्त्रियांच्या सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यावा, असं २०१८ पासून ठरलेलं आहे. या ग्राहकांकडे फार कमी जणी पोहोचतात. पेटंटसाठीही २०१९ पासून सोय आहे : अर्जदारांत एक जरी स्त्री असली तरी जलद तपासणी मागता येते.

गुंतवणूकदारांपुढे उभं राहायची वेळ आली तर एक गोष्ट मनात ठेवा. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या स्टार्टअप स्पर्धेतल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास डाना कान्झे आणि सहकाऱ्यांनी केला. पुरुषांना विचारलेले ६७ टक्के प्रश्न वाढीबद्दल होते : ग्राहक कसे मिळवणार, किती मोठे होणार. स्त्रियांना विचारलेले ६६ टक्के प्रश्न बचावाचे होते : आहेत ते ग्राहक कसे टिकवणार, तोटा कसा टाळणार. बचावाच्या प्रश्नाला बचावाचंच उत्तर दिलं तर पैसे कमी मिळाले. उत्तर वाढीकडे वळवणाऱ्यांना जास्त मिळाले. म्हणून "ग्राहक सोडून गेले तर?" असं कोणी विचारलं की एका वाक्यात त्याचं उत्तर द्या आणि लगेच सांगा, "आणि हीच सेवा आम्ही पुढच्या वर्षी आणखी तीन जिल्ह्यांत नेणार आहोत, ती अशी." याचा सराव आरशासमोर नको, मैत्रिणीला तिरके प्रश्न विचारायला लावून करा.

कॉलेजांनी आणि वर्गमित्रांनी करायच्या गोष्टी

मुलांसाठी थोडंच सांगायचं आहे. गटात मैत्रिणीच्या हातातलं काम काढून घेऊ नका, ती अडली तरी. तिला ‘पीपीटी’ सुचवू नका. आणि तुमचा उद्योग सुरू करायचा इरादा खरा असेल तर वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू आहे.

प्राध्यापकांचं आणि प्राचार्यांचं काम मोठं आहे. ई-सेलच्या, म्हणजे कॉलेजच्या उद्योजकता कक्षाच्या, बैठका रात्री नऊला आणि मुलींच्या वसतिगृहाचं फाटक आठला बंद, अशी स्थिती असेल तर त्या कॉलेजात मुलींचा इरादा कमी का, हे शोधायला कुठल्याही प्रश्नावलीची गरज नाही. बैठका दुपारी घ्या, किंवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलींसाठी परतीची सुरक्षित सोय करून फाटकाची वेळ बदला. गटातल्या भूमिका दर महिन्याला फिरत्या ठेवा, म्हणजे खरेदी, जोडणी, हिशेब आणि सादरीकरण प्रत्येकाच्या वाट्याला येईल. व्याख्यानाला बोलावताना कोट्यवधींची कंपनी विकलेल्या पाहुण्यांबरोबरच पाच वर्षांपूर्वी याच कॉलेजातून बाहेर पडून जवळच्या एमआयडीसीत युनिट चालवणारी माजी विद्यार्थिनी बोलवा. तिच्या जागी स्वतःला पाहणं सोपं जातं.

केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय नवोन्मेष व स्टार्टअप धोरणात विद्यार्थ्यांना संस्थेचा पत्ता वापरून कंपनी नोंदवता यावी, स्टार्टअपसाठी सत्र किंवा वर्ष थांबता यावं आणि स्टार्टअपचं काम प्रोजेक्ट म्हणून धरलं जावं, असं सुचवलं आहे. तुमच्या संस्थेने स्वतःचं धोरण केलं आहे का, हे विद्यार्थिनींनी संस्थेच्या नवोन्मेष परिषदेला लेखी विचारावं. भाड्याच्या खोलीचा करार मुलीच्या नावाने करायला घरमालक तयार नसतो, तेव्हा नोंदणीसाठी मिळणारा कॉलेजचा पत्ता फार मोलाचा ठरतो.

आणि पाहणी करायचीच असेल तर ‘तुला उद्योजक व्हायचं आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. या सत्रात कोणी स्वतः पुरवठादाराशी भाव ठरवला, कोणी ग्राहकाकडून पैसे घेतले, कोणी खर्चाची वही ठेवली, हे पहिल्या वर्षापासून दर सत्राला मुलगे-मुली असं वेगळं नोंदवा. ज्या रकान्यात मुलींचा आकडा शून्य दिसेल, तिथून पुढच्या सत्राचं काम सुरू करा. याला वेगळा निधी लागत नाही, विद्यापीठाची परवानगीही लागत नाही. विभागप्रमुखांनी ठरवलं तर हे याच सत्रापासून होऊ शकतं.